न विचारलेला प्रश्न : आयर्लंडच्या शाळकरी मुलांनी लिहून ठेवलेला इतिहास

दि. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेपुढे मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्गदर्शक तत्त्वांच्या संदर्भात आयर्लंडच्या संविधानाचा उल्लेख केला होता, हे आमच्या वाचकांना ठाऊक असेल. ते आयरिश संविधान २९ डिसेंबर १९३७ रोजी अमलात आले. त्याच हिवाळ्यात त्या देशाच्या खेड्यापाड्यांतील अकरा ते चौदा वर्षांची मुले संध्याकाळी चुलीपाशी बसून आपल्या आजी-आजोबांना प्रश्न विचारीत होती आणि मिळालेली उत्तरे शाळेच्या वहीत उतरवून घेत होती. आयरिश संविधानाचा आपण अभ्यास केला. या वह्यांकडे मात्र आपले लक्ष गेलेले नाही. ते जावे, आणि तेही लवकर जावे, या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

आयर्लंड शेकडो वर्षे इंग्रजांच्या अमलाखाली होता. त्या काळाची कागदपत्रे विपुल आहेत. परंतु ती जमीनदारांच्या दप्तरांतली, न्यायालयांतली व सरकारी खात्यांतली आहेत. ज्याच्याकडून खंड वसूल झाला त्याचे नाव त्यांत सापडते, त्याचे म्हणणे सापडत नाही. १८४५ ते १८५२ या काळात बटाट्याचे पीक कुजून जो महादुष्काळ पडला, त्यात सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि त्याहून अधिक देशोधडीला लागली. १८४१ च्या शिरगणतीत ८१ लाखांवर असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाखांवर आली. मरणाऱ्यांमध्ये मोठा भाग आयरिश भाषा बोलणाऱ्या गरिबांचा होता. त्यामुळे माणसांबरोबर एक भाषा आणि त्या भाषेतील आठवणही ओसरू लागली. आयरिश भाषेत लोकविद्येला जो शब्द आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘मुखाने दिलेली शिकवण’ असा होतो. पालीतील ‘मुखपाठ’ या शब्दाशी परिचित असलेल्या वाचकाला त्याचे मर्म वेगळे सांगावयास नको.

स्वतंत्र झालेल्या आयर्लंडने १९३५ साली लोकविद्या आयोग स्थापन केला. शेमस ओ डुइलर्गा हे त्याचे संचालक. आयोगाचे पूर्णवेळ संग्राहक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आणि वृद्ध तर रोज कमी होत होते. म्हणून १९३७ साली आयोगाने शिक्षण खाते आणि राष्ट्रीय शिक्षक संघटना यांच्या साहाय्याने एक योजना आखली. प्राथमिक शाळांच्या वरच्या वर्गांतील मुलांना (आपल्याकडील सहावी ते आठवीच्या वयाची ही मुले) निबंधलेखनाच्या तासाऐवजी हे काम द्यावयाचे. आयोगाचे अभिलेखपाल शॉन ओ सूलवॉन यांनी शिक्षकांसाठी एक पुस्तिका तयार केली. तिच्यात पंचावन्न विषय होते आणि प्रत्येक विषयाखाली काही प्रश्न. शिक्षक आठवड्याला एक विषय फळ्यावर मांडी, मुले घरी अथवा शेजारी जाऊन वृद्धांना विचारीत, वहीत लिहून आणीत, आणि त्यांतील निवडक मजकूर शाळेच्या एका मोठ्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवला जाई. सप्टेंबर १९३७ मध्ये सुरू झालेले हे काम जानेवारी १९३९ पर्यंत चालले. सव्वीस परगण्यांतील सुमारे पाच हजार शाळा आणि सुमारे पन्नास हजार मुले त्यात सहभागी झाली. बांधलेले खंड १,१२८. मुलांच्या मूळ वह्या सुमारे चाळीस हजार. एकूण पाने सात लाखांहून अधिक. आज हे सारे डब्लिनच्या विद्यापीठात सुरक्षित आहे. एवढे लेखन एखाद्या विद्वत्परिषदेने केले असते तर तिचे केवढे कौतुक झाले असते! येथे ते बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींनी केले, त्यांत अनवाणी शाळेत येणारीही पुष्कळ होती.

त्या पंचावन्न विषयांची नुसती नावे वाचली तरी योजकांची दृष्टी कळते. दुष्काळाचे दिवस, जमीनदार, जुन्या शाळा, गावचा लोहार, भाकरी-पाव, स्थानिक औषधे, शेतांची नावे, पुरलेले धन. एक विषय तर चक्क पायांची निगा असा आहे. पूर्वी माणसे कोणत्या वयापासून जोडा घालीत, अनवाणी कोण चाले, पाय धुतलेल्या पाण्याविषयी काय समजुती होत्या, असे त्यातील प्रश्नांचे वळण. ‘तुमच्या गावचा इतिहास सांगा’ असे म्हटले असते तर म्हातारी माणसे गप्प बसली असती, कारण आपल्याला इतिहास आहे असे त्यांना कोणी कधी सांगितलेच नव्हते. परंतु ‘पहिला जोडा कधी घातलात?’ या प्रश्नाला प्रत्येकाजवळ उत्तर असते, आणि त्या उत्तराच्या मागोमाग दारिद्र्य, हंगाम, बाजार, मजुरी हे सर्व आपोआप येते. आमच्या मते या योजनेचे खरे बळ त्या प्रश्नांच्या घडणीत आहे. आयोगाचे पूर्णवेळ संग्राहक सारे पुरुष होते. शाळांमुळे मात्र मुली आल्या आणि मुलींबरोबर आज्यांची चूल, सूत, लोणी व झाडपाला हेही आले.

पाली वाङ्मयाच्या अभ्यासकाला या ठिकाणी राजगृहाची आठवण होणे स्वाभाविक आहे. पहिल्या संगीतीचा वृत्तान्त चुल्लवग्गाच्या अकराव्या खन्धकात आला आहे. संगीती म्हटले की सामूहिक पठणाचे चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु त्या वृत्तान्ताची घडण प्रश्नोत्तरांची आहे. महाकस्सप विचारतात, उपालि सांगतात : पहिला पाराजिक कोठे घालून दिला गेला, कोणाच्या निमित्ताने, कोणत्या प्रकरणी. उत्तर येते : वेसालीत, सुदिन्न कलन्दपुत्ताच्या निमित्ताने. आनंदांनाही ब्रह्मजाल सुत्ताविषयी असेच विचारले जाते. ते राजगृह व नालंदा यांच्या दरम्यान अंबलट्ठिकेतील राजाच्या विश्रामगृही, सुप्पिय परिव्राजक आणि ब्रह्मदत्त माणव यांच्या निमित्ताने सांगितले गेले, असे ते सांगतात. उपदेश कितीही थोर असो, तो कोठे झाला, कोणापुढे झाला आणि हे सांगणारा तेथे होता काय, याचा निर्णय आधी. आयरिश मुलांना आपापल्या वहीत सांगणाऱ्याचे नाव, वय व वस्ती लिहावयास सांगितले होते, ते याच न्यायाने. सर्वांनी ते पाळले नाही. जेथे नाव-वय नाही त्या पानाचा उपयोग आज इतिहासकाराला फारच कमी होतो. गोष्ट सुरस असली तरी ती कोणाची, हे कळत नाही.

मुलांनी लिहिले म्हणून ते सर्व खरेच मानावयाचे काय, अशी शंका येईल. ती घेतलीच पाहिजे. महादुष्काळाच्या आठवणी या दृष्टीने बोलक्या आहेत. १९३७ साली सत्तरी-ऐंशीतील आजोबांनीही तो दुष्काळ स्वतः पाहिलेला नव्हता. त्यांनी तो आपल्या आईबापांच्या तोंडून ऐकला होता. मुलांच्या वह्यांत ओसाड घरांच्या जागा नावानिशी येतात, मक्याच्या पिठाची कांजी येते, सामुदायिक दफनाच्या जागा येतात. मात्र अभ्यासकांच्या एक गोष्ट ध्यानात आली आहे : भूक, अन्नछत्र, दारोदार फिरणे हे बहुधा पलीकडच्या गावात किंवा दुसऱ्याच्या घरात घडलेले असते. स्वतःच्या घरी कोणी अन्नासाठी हात पसरला, असे सांगणारा विरळा. हे खोटे बोलणे नव्हे, ही लाज आहे, आणि ही लाज म्हणजेही इतिहासाचा एक दाखला आहे. मरणाऱ्यांचा आकडा ठरविण्यासाठी या वह्या उपयोगी नाहीत. मार सोसलेल्या समाजाने त्या माराचे पुढे काय केले, तो कोणाला सांगितला आणि कोणापासून लपविला, हे मात्र याच वह्यांतून कळते.

महापरिनिब्बान सुत्तात भोगनगरी जे चार महापदेस सांगितले आहेत, त्यांतील दक्षता येथे उपयोगी पडावी. एखादा भिक्खू म्हणेल, मी हे प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून ऐकले. दुसरा म्हणेल, संघाकडून, थेरांकडून अथवा एका थेराकडून ऐकले. अशा वेळी लगेच मान डोलवावयाची नाही आणि तुच्छतेने बाजूसही सारावयाचे नाही. शब्द नीट ध्यानात घेऊन सुत्त व विनय यांच्याशी ते पडताळून पाहावयाचे. यात क्रम महत्त्वाचा आहे. नीट ऐकून घेणे आधी, पडताळणी नंतर. बारा वर्षांच्या मुलाचे काम पहिले. दुसरे मोठ्यांनी करावयाचे असते. पुष्कळ ठिकाणी शिक्षक ही दोन कामे एक करतात आणि मुलाच्या वहीतच आजोबांना ‘दुरुस्त’ करून टाकतात.

आयर्लंडमध्येही हे घडले. मुलांची मूळ वही आणि शाळेची मोठी वही यांची तुलना केली म्हणजे कोठे भाषा सुधारली, कोठे मजकूर गाळला हे दिसू शकते. आणि ते दिसू शकते ते केवळ मूळ वह्या फेकून दिल्या गेल्या नाहीत म्हणून. संगीतीच्या वृत्तान्तातही असा एक प्रसंग आहे. संगायन आटोपल्यावर पुराण नावाचे थेर दक्षिणागिरीहून राजगृहास आले. थेरांनी त्यांना ते स्वीकारण्याची विनंती केली. पुराणांनी त्या संगायनाची प्रशंसा केली. मात्र आपण भगवंतांच्या समोर जसे ऐकले तसेच ध्यानी ठेवू, असे सांगितले. ज्या संघाने एकमुखी पाठ निश्चित केला त्याच संघाने हा वेगळा सूरही आपल्या विनयग्रंथात जपून ठेवला, याचे आम्हांला नेहमी अप्रूप वाटते.

आता या संग्रहाच्या उणिवेकडे वळू. आमच्या वाचकांना ती विशेष जाणवेल. उत्तरेकडील सहा परगणे ब्रिटिश राज्यात असल्याने बाहेर राहिले. मोठ्या शहरांतील शाळांना बहुतांशी वगळले गेले. खरी परंपरा खेड्यातच, अशी त्या काळची समजूत. डब्लिनच्या कामकरी वस्त्यांच्या आठवणी गोळा करण्याचा प्रयत्न पुढे १९७९-८० मध्ये झाला. याहून बोलकी उणीव आणखी एक आहे. आयर्लंडमध्ये ट्रॅव्हलर म्हणून ओळखला जाणारा एक भटका समाज आहे. पत्र्याची भांडी करणे-सांधणे, घोड्यांची खरेदी-विक्री हे त्याचे जुने व्यवसाय. गावाने त्याला कधी आपले मानले नाही. पंचावन्न विषयांत ‘भटके लोक’ हा एक विषय होता. म्हणजे त्यांची दखल घेतली गेली, परंतु कशी? ते तुमच्या घरी येतात काय, तीच माणसे वर्षानुवर्षे येतात काय, अशा धाटणीचे प्रश्न आहेत. प्रश्न ज्याला विचारला तो दाराच्या आत उभा आहे, आणि ज्याच्याविषयी विचारला तो बाहेर. त्या विषयावर पाने भरपूर लिहिली गेली, पण त्यांत ट्रॅव्हलर आजीचा आवाज शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. आयोगाच्या संग्रहाला २०१७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसूचीत स्थान मिळाले. त्याच वर्षी, १ मार्च रोजी, आयर्लंडच्या शासनाने ट्रॅव्हलर समाजाला स्वतंत्र वांशिक समूह म्हणून मान्यता दिली.

दाराच्या आत कोण आणि बाहेर कोण, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. त्रिं. ना. आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला, अलेक्झांडर रॉबर्टसन यांचा महारांवरील इंग्रजी ग्रंथ १९३८ साली, म्हणजे आयरिश मुले वह्या भरीत होती त्याच सुमारास. या ग्रंथांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. तथापि पहिल्यात महार दिसतो तो चावडीवरून, दुसऱ्यात मिशनऱ्याच्या दृष्टीतून. १९३७ साली मराठी शाळांतून अशीच योजना राबविली गेली असती तर येसकराची भाकरी हा विषय त्यात खचितच आला असता, आणि ती वाढणाऱ्या घरांतील मुलांनी त्यावर निबंध लिहिले असते. ती मागावयास जाणाऱ्या मुलाच्या पायांखालची वाट कोणी लिहिली असती? आपल्या माणसांनी आपल्या माणसांना विचारून लिहिण्याचे मोठे काम ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या १९८९ च्या ग्रंथात केले. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांकडे जाऊन त्यांनी मुलाखती घेतल्या. त्यांतील पुष्कळ गोष्टी अन्यथा कधीच कागदावर आल्या नसत्या.

महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी ज्यांनी पाणी प्राशन केले त्यांना आता काही विचारता येणार नाही. दि. १४ ऑक्टोबर १९५६ ची गोष्ट अद्याप तशी नाही. त्या दिवशी नागपुरात दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या घरात आहे, आणि ते कदाचित आपल्याच विहारात दर पौर्णिमेला भिंतीला टेकून बसत असेल. सोहळ्याची हकिकत, पूज्य चंद्रमणी महास्थविरांकडून घेतलेली दीक्षा, बावीस प्रतिज्ञा हे सर्व ग्रंथांतून उपलब्ध आहे. नातवंडांनी ते विचारण्याची निकड नाही. ग्रंथांत सापडत नाही ते असे : नागपूरला जायचे हे घरात कोणी ठरविले, आणि घरी मागे कोण राहिले? भाड्याचे पैसे कोठून आले? पांढरे लुगडे कोणाचे होते? परत आल्यावर देव्हाऱ्यातल्या देवांचे काय केले, नदीत सोडले की कोणी म्हातारीने धान्याच्या कणगीत लपवून ठेवले? मेलेले ढोर ओढणार नाही असे गावाला प्रथम कोणी सांगितले, आणि त्यानंतर किराणा कोठून आणला? वतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला. त्या जमिनीचे घरात काय झाले? शाळेच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ लिहिले की नाही? बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० पर्यंत मिळत नव्हत्या, त्यामुळे या एका शब्दावर किती घरांत वाद झाले असतील! १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगात कोण गेले, १९७८ साली मराठवाड्यात कोणाचे घर जळले, हे सांगणारे तर साठी-सत्तरीतच आहेत.

काही आजोबा बोलणार नाहीत. देवांच्या प्रश्नाला उडवून लावतील. ढोराच्या प्रश्नाला ‘ते शेजारच्या गावात होते, आपल्याकडे नव्हते’ असे म्हणतील. आयरिश वह्यांचा वर सांगितलेला अनुभव ध्यानात ठेवून मुलाने तेही तसेच लिहावे, हट्ट धरू नये. संशोधकाला जे सांगत नाहीत ते नातीला सांगतात, आणि याच्या उलटही होते. आणखी एक अडचण नाजूक आहे. ज्याला खरे आठवते तो पुष्कळदा समितीतील प्रतिष्ठित गृहस्थ नसतो. तो वस्तीच्या टोकाला राहणारा, कदाचित व्यसनाधीन, कदाचित कोणाशी न पटणारा असतो. त्याच्याकडे मुलांना पाठवावयास आईबाप कचरतात. समन्तपासादिकेत एक कथा आहे. सिंहलद्वीपात एके काळी महानिद्देस मुखोद्गत असलेला एकच भिक्खू उरला आणि तो दुःशील होता. त्याच्याकडून शिकण्यास महारक्खित थेर तयार होईनात. ग्रंथ लुप्त होईल हे ध्यानात आणून दिल्यावर ते गेले, शिकले, आणि ग्रंथ वाचला. मुलाबरोबर एखादे वडीलधारे माणूस पाठवावे, म्हणजे झाले.

आणि शेवटी आनंदांची गोष्ट. संघाची इच्छा असल्यास लहानसहान शिक्षापदे आपल्या पश्चात रद्द करावीत, असे भगवंतांनी परिनिर्वाणापूर्वी आनंदांना सांगितले होते. संगीतीत थेरांनी विचारले : लहानसहान म्हणजे नेमकी कोणती? आनंद म्हणाले, ते मी विचारले नाही. एका थेराने एक सांगितले, दुसऱ्याने दुसरे. एकमत होईना, आणि अखेर एकही शिक्षापद न वगळता सर्वच जशीच्या तशी ठेवावी लागली. पंचवीस वर्षे सावलीसारखा जवळ राहिलेला, जे ऐकले ते अक्षरशः धारण करणारा बहुश्रुत शिष्य. त्याचाही एक प्रश्न विचारावयाचा राहून गेला.

ज्या विहारांत रविवारचे वर्ग चालतात तेथे सातवी-आठवीच्या मुलांकडून हे काम येत्या पावसाळ्यातच सुरू करता येईल. आठवड्याला एकच विषय द्यावा, आणि प्रश्न सहापेक्षा अधिक नसावेत. पहिल्या पानावर सांगणाऱ्याचे नाव, वय, मूळ गाव, आणि ते तेथे प्रत्यक्ष होते की दुसऱ्याकडून ऐकले, हे लिहावे. नाव नको असे त्यांनी म्हटल्यास ते विहाराच्या वेगळ्या नोंदीत ठेवावे. हल्ली घरोघरी भ्रमणध्वनी आहे, त्यावर आवाजही घ्यावा, पण वही सोडू नये. यंत्र बदलले की जुना आवाज उघडत नाही, असे अल्पावधीतच होते. आजी ज्या बोलीत सांगेल, वऱ्हाडी असो की मराठवाडी, त्याच बोलीत उतरवावे. एकाच घटनेच्या दोन हकिकती जुळल्या नाहीत तर दोन्ही ठेवाव्यात. वहीतील खाडाखोड तशीच राहू द्यावी. शिक्षकांना सुधारणा करावयाचीच असेल तर ती दुसऱ्या वहीत करावी, आणि मुलाची वही विहाराच्या कपाटात ग्रंथांशेजारी ठेवावी.